गुरूचे घर किती कोसांवर

(मध्यप्रदेशातील बैहर येथील शरद व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत आजचा विषय 'विद्यापीठ आणि संगीत' असा छापला आहे आणि तो मीच कळविला होता, परंतु गेल्या महिन्यात एका संध्याकाळी, पाऊस दाटून आला असताना, याच गावचे एक गृहस्थ छत्री मिटवीत माझ्या ओसरीवर आले आणि खुर्चीवर टेकण्यापूर्वीच म्हणाले, "सर, पोरगी बी.एस्सी. सोडते म्हणते. दुसरे वर्ष आहे, गुण चांगले आहेत, अन् हिला गाणे शिकायला जायचे आहे. तुम्ही तिला समजवा." तेव्हापासून त्या विस्तीर्ण विषयातले बाकीचे सारे मुद्दे माझ्या मनातून गळून पडले. मुलीला मी काही समजाविले नाही. जे समजावयाचे आहे ते वडिलांनी समजून घ्यावयाचे आहे असे माझे मत झाले, आणि त्यांच्या संमतीने ते मी आज येथे मांडीत आहे. ते पुढच्याच रांगेत बसले आहेत. कोठे ते विचारू नका. (हशा)

असा प्रसंग आला म्हणजे आपल्या घरांतून एक वाक्य शिरस्त्याने उच्चारले जाते: आधी पदवी पदरात पाडून घे, मग गाणे आहेच. आणि या वाक्याच्या समर्थनार्थ जे साक्षीदार उभे केले जातात, ते सारे संगीतातले थोर लोक, आणि त्यांची नावे या सभागृहाला तोंडपाठ आहेत. विष्णु नारायण भातखंडे १८८५ साली बी.ए. आणि १८८७ साली एल्एल.बी. झाले, वकिली केली, आणि तरीही हिंदुस्थानी संगीताची घडी त्यांनीच बसविली. गायिका प्रभाताई अत्रे विज्ञानाच्या आणि कायद्याच्याही पदवीधर. गायिका अश्विनी भिडे-देशपांडे यांनी जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. गायक वसंतराव देशपांडे यांनी वर्षानुवर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. मग तुझेच काय अडले आहे?

ही साक्ष खोटी नाही, पण अपुरी आहे, कारण उलटतपासणीत एक प्रश्न कोणी विचारीतच नाही. या मंडळींच्या राहत्या घरापासून त्यांच्या गुरूचे घर किती अंतरावर होते? भातखंडे वाळकेश्वरी जन्मले. कॉलेजात शिकत असतानाच, १८८४ साली, ते मुंबईतल्याच गायन उत्तेजक मंडळी या संगीतसंस्थेत शिरले आणि तेथे त्यांना गवयांचा सहवास मिळाला. प्रभाताईंचे कॉलेज पुण्यात आणि सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर या गुरूंकडचे शिक्षणही पुण्यातच. अश्विनीताईंच्या तर आईच, माणिक भिडे, गुरू होत्या. प्रयोगशाळेतून घरी आले की तालमीची बैठक तयार. वसंतरावांनी मुलगा असताना नागपुरात सप्रे गुरुजींकडे गाण्याचे धडे घेतले, तेव्हा नागपूर हेच त्यांचे गाव होते. ज्यांचे गुरू पायी जाण्याच्या अंतरावर होते त्यांना कॉलेजात कोणताही विषय घेणे परवडले. बैहरच्या मुलीला ते परवडत नाही. मुंबईपुण्याच्या विद्यार्थ्याला संगीताचा अभ्यासक्रम हा एक पर्याय असतो; आपल्या मुलीला तो घाट उतरून गुरूकडे जाणारा एकुलता एक रस्ता आहे. एवढे एकच मला आज सांगावयाचे आहे.

कोणी म्हणेल, २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्यांची मुभा दिली आहे, तेव्हा दोन्ही करावे. कागदावर दोन्ही होतील; परंतु माणसाला पहाट एकच असते, आणि ती पहाट खर्जाच्या साधनेला द्यावयाची की प्रात्यक्षिकाच्या वहीला, हे आयोगाच्या परिपत्रकाने ठरत नाही.

आता त्या रस्त्याच्या टोकाचे गाव, खैरागढ. त्याची हकीकत तुम्हाला मी काय सांगावी? तेथील राजा वीरेंद्रबहादुर सिंह आणि राणी पद्मावतीदेवी यांनी आपल्या दिवंगत कन्येच्या, इंदिरेच्या, स्मृतीसाठी राजवाडा दिला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तेथे संगीताचे विद्यापीठ उघडले, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. त्या तारखेनंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली. म्हणजे ज्या मध्यप्रदेशात हे विद्यापीठ जन्मले त्याची राजधानी नागपूर होती, आणि बैहर, बालाघाट, नागपूर व खैरागढ ही सारी एकाच कारभाराखाली होती.  पुढे २००० साली छत्तीसगढ निराळे झाले आणि खैरागढ आपल्याला परप्रांत झाले, पण गाणे शिकावयास निघालेल्या मुलीने सरहद्दीच्या पाट्या मोजावयाच्या नसतात. या विद्यापीठाच्या आरंभीच्या काळात तेथे कुलगुरू म्हणून कोण आले, तर श्रीकृष्ण नारायण रातंजनकर: भातखंड्यांचे पट्टशिष्य, गवई फैयाज खाँसाहेबांचे शागीर्द, १९२८ पासून लखनौच्या मॉरिस संगीत कॉलेजाची धुरा वाहिलेले. असा विद्वान गवई लखनौ सोडून त्या लहानशा संस्थानी गावात येऊन राहिला. आडगावच्या मुलांना गुरूच्या घरी जाता येत नाही, तेव्हा गुरूचे घरच रानाच्या कडेला आणून बांधले, असे मी त्या घटनेकडे पाहतो.

येथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. ती थोडक्यात आटपेन. १९६७ साली मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात होतो. वडील येथे वनखात्याच्या कचेरीत कारकून. घरात एक पेटी होती, आणि भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे दोन भाग वडिलांनी नागपूरहून आणलेले होते. त्यांवरून मी गात असे. दिवाळीच्या सुटीत कोणाला न सांगता बालाघाटला उतरलो, छोट्या गाडीने गोंदियाला गेलो, तेथून मोठ्या गाडीने डोंगरगढ, आणि पुढे बसने खैरागढ. राजवाड्याच्या एका खिडकीखाली मी दुपारभर उभा होतो. आत कोणी मुलगा एकच पलटा, म्हणजे सरावाची ठरीव स्वरावली, घोळवीत होता. चुकला की एक वृद्ध आवाज तोच पलटा गाऊन दाखवी, आणि मुलगा पुन्हा आरंभ करी. असे तीस-चाळीस वेळा झाले असेल. त्या वृद्ध आवाजात यत्किंचितही त्रागा नव्हता. मी प्रवेशाचा अर्ज घेऊन परतलो आणि तो वडिलांच्या पुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाळ, आधी बी.एस्सी. होऊन जा. गाणे कुठे पळून चालले आहे?" त्यांचे माझ्यावर निरतिशय प्रेम होते. अर्ज ट्रंकेत गेला. मी गणिताचा शिक्षक झालो आणि पुस्तकावरून गात राहिलो.

चौदा-पंधरा वर्षांनी, चौतिसाव्या वर्षी, नागपूरच्या एका जाणत्या गुरुजींसमोर मी तोडी राग गायलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग तानपुरा स्वतःच्या मांडीवर घेतला आणि केवळ तोडीचा गंधार, म्हणजे 'ग' हा स्वर, लावला. तो माझ्या गंधारापेक्षा खाली होता, किंचितच, परंतु त्या किंचितातच तोडी होती. भातखंड्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते; भीमपलासी रागाच्या गंधाराखाली तीच रेघ आणि तोडीच्या अतिकोमल गंधाराखालीही तीच. पुस्तकाचा त्यात दोष नाही: ते पुस्तक गुरूसमोर बसून उघडावयाचे होते, आणि मी ते पेटीपुढे उघडून बसलो. पेटीलाही कोमल गंधाराची पट्टी एकच. गुरुजींनी मला आठ दिवस ठेवून घेतले. आठही दिवस मी तो स्वर शोधला. त्यांच्या आवाजाबरोबर असलो की तो सापडे, त्यांनी आवाज काढून घेतला की माझा गळा आपल्या पंधरा वर्षांच्या सवयीच्या जागी परत जाई. निघताना त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि विचारले, "विसाव्या वर्षी का नाही आलात?" आमचे गाव कोठे आहे हे मी त्यांना सांगितले.

गाणे पळून जात नाही हे वडिलांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. कान मात्र घट्ट होतो.

मागच्या रांगेतून कोणी विचारले की, मास्तर, म्हणजे बैहरला संगीत नाही असे म्हणता काय? नाही, बंधो, तसे मी मुळीच म्हणत नाही, आणि तसा ग्रह झाला असेल तर तो याच क्षणी दूर व्हावा. या तहसिलीतल्या बैगा आणि गोंड पाड्यांवर करमा नाचाच्या रात्री जे गायन होते ते ज्याने ऐकले आहे तो असे म्हणणार नाही. उलट तेथे पाहा: बैगा मुलगा मांदर हा ढोल शिकतो तो वाजविणाऱ्या वडीलधाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून, लहानपणापासून, रात्रीमागून रात्र. गुरूचे घर आणि त्याचे घर यांत अंगणाचेही अंतर नाही. ही संपत्ती त्याच्याकडे आहे; ख्यालाची ओढ लागलेल्या आपल्या शिक्षक-कारकुनांच्या मुलांकडे ती नाही, आणि म्हणून त्यांना ती विद्यापीठातून मिळवावी लागते. (टाळ्या)

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठविली आहे. दहा मिनिटे उरली आहेत, आणि मलाजखंडहून आलेली मंडळी उठण्याच्या बेतात दिसतात. तेव्हा उपजीविकेसंबंधी जे सांगावयाचे होते ते त्रोटकच सांगतो. संगीताची पदवी घेतलेली प्रत्येक मुलगी मैफली गाजवील असे नाही. ती शाळेत संगीत शिकवील, आकाशवाणीची स्वरपरीक्षा देईल, कदाचित याच गावी वर्ग काढील; आणि तसे झाले तर पुढच्या पिढीतल्या मुलीला बी.एस्सी. सोडावीच लागणार नाही, कारण गुरूचे घर मग बैहरमध्येच असेल. शिवाय हा रस्ता पुढे बंद होत नाही. गायक उल्हास कशाळकरांनी नागपूर विद्यापीठातून संगीताची पदव्युत्तर पदवी घेतली आणि मग राम मराठे, गजाननबुवा जोशी यांच्यापुढे बसले. विद्यापीठातून निघालेली वाट त्यांना मोठ्या गुरूंच्या दाराशी घेऊन गेली.

पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना माझी एकच विनंती आहे. मुलीला घेऊन एकदा खैरागढला जा. कचेरीत चौकशी नंतर करा. आधी वर्गाच्या खिडकीखाली तासभर उभे राहा, आणि आत एकच पलटा तीस वेळा चालला असता तिचा चेहरा पाहा. ती कंटाळली तर तिला परत आणा, बी.एस्सी. पुरी करू द्या, आणि मी तिला गणित शिकवीन. ती तेथून हलेना, तर दाखला काढण्यासाठी लागेल तो अर्ज मी माझ्या हाताने लिहून देईन.

आपण मान हलवीत आहात. ती होकाराची की नकाराची हे येथून मला कळत नाही. शब्दांनी मी याहून अधिक सांगू शकत नाही. उरलेल्या पाच मिनिटांत दोन गंधारांमधला तो फरक तुमच्या कानांवर घालावा असे वाटते. तोडीचा तो गंधार आजही मला एकट्याला स्थिर धरता येत नाही, पण तानपुऱ्याच्या आधाराने त्याच्या जवळ जाता येते. कार्यवाह, ही पेटी कृपा करून बाजूला ठेवा. तो तानपुरा इकडे द्या. आणि ती मुलगी सभागृहात असेल, तर तिने वर येऊन माझ्या शेजारी बसावे.

(येथे वक्त्यांनी प्रथम भीमपलासीचा व नंतर तोडीचा गंधार गाऊन दाखविला.)