दोतोर्न, नाचणी आणि ओवी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी १९६६ साली पाचवीचा विद्यार्थी म्हणून बसलो. आपण मला मराठी वाङ्मयावर बोलावयास बोलाविले आहे. मी मात्र त्याआधीच्या चार वर्षांपासून आरंभ करणार आहे. ती चार वर्षे साष्टी तालुक्यातील एका चर्चच्या आवारात भरणाऱ्या प्राथमिक शाळेत गेली. आमच्या वाड्याला तीच शाळा जवळची होती. वडिलांनी याहून अधिक विचार केला असेल, असे मला वाटत नाही.

चर्चला जोडलेल्या शाळांची परंपरा गोव्यात काही शतकांची आहे. तेथील मेस्त अक्षरांबरोबर व्हायोलीन आणि स्वरलेखनही शिकवीत. गोव्याने पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीला जे वादक दिले, त्यांतील अनेकांचा पाया अशाच शाळांत घातला गेला. माझ्या वाट्याला व्हायोलीन आले नाही. माझा गळा ऐकून टीचरनी मला फळा पुसण्याचे काम दिले.

दुपारी बाराची घंटा झाली की सारी शाळा उभी राही. प्रार्थना कोकणीत होई. आम्ही हिंदू मुले चारच. आम्हीही उभे राहत असू. हात जोडावे की बाजूला ठेवावे, हे आम्हांस कोणी सांगितले नाही. ‘दोतोर्न’ म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाला टीचर आम्हांला व्हरांड्यात पाढे लिहावयास बसवीत. परंतु खिडकी उघडी असे. आत प्रश्न, त्यावर एका सुरात उत्तर. चार वर्षांत सगळी प्रश्नोत्तरे मला मुखोद्गत झाली. एकदा आतला मुलगा अडखळला आणि मी खिडकीतून उत्तर दिले. वर्ग हसला. टीचर एवढेच म्हणाल्या, ‘‘तूं तुजे पाढे म्हण.’’

ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त येई. शेजारच्या रायच्या चर्चचे हे फेस्त ५ ऑगस्टला असते आणि गोव्यात ते पहिले मानतात. शेतातील पहिली कणसे कापून पाद्री ती आशीर्वादित करीत आणि मग ती घरोघर जात. आमच्या घरीही ‘नवे’ येई. भाताची कणसे देवघरात आणि दारावर लागत. नाताळापूर्वी गोठ्याची तयारी होई. येशूच्या गोठ्याभोवती हिरवे शेत दिसावे म्हणून मुले आठ-दहा दिवस आधी नाचणी पेरीत. आजी नवरात्रात रुजवण घालीत असे, तिच्या डब्यातील नाचणी मी न विचारता शाळेत नेली. ती उगवली, तशी चोरीही उघडकीस आली. मी माराची वाट पाहत उभा राहिलो. आजीने विचारले, ‘‘ताका उदक कोण घालता?’’ दुसऱ्या दिवसापासून पाणी घालण्याचे काम मी स्वतःकडे मागून घेतले.

अशा शाळेतून मी येथे आलो, तो काळ कडू होता. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात जाणार की वेगळा राहणार, हा प्रश्न मधल्या सुट्टीत मुलांच्या हातघाईवर येई. मी चर्चच्या शाळेतला म्हणून मला एक टोपणनाव पडले होते. ते येथे सांगत नाही. गुरुजी मराठीचे कट्टर अभिमानी. त्याच महिन्यात त्यांनी वर्गात एक जाड पुस्तक आणले. शांताराम बंडेलूंनी १९५६ साली देवनागरीत संपादित केलेले फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ ते. मूळ ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे रोमी लिपीत छापला गेला. म्हणजे माझ्या जुन्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर! गुरुजींनी ओव्या वाचल्या. त्यांतील अर्ध्याअधिक कथा मला खिडकीतून आधीच ठाऊक होत्या. स्वर्गाला तेथे ‘वैकुंठ’ म्हटले आहे, हे ऐकून मात्र सारा वर्ग चमकला.

पुढे एम.ए.ला असताना मी ही भाषा ‘भेसळीची मराठी’ ठरविणारा निबंध लिहिला आणि मोठ्या ऐटीत गुरुजींना दाखविला. त्यांनी तो वाचून परत केला आणि ग्रंथाचा आरंभ पुन्हा वाचावयास सांगितले. तेथे साष्टीतील एक ब्राह्मण धर्मशिक्षणाच्या प्रसंगी पाद्रीला विचारतो की, जुनी पुराणे गेली, आता आम्ही वाचावे काय? सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ त्या मागणीतून उभा राहतो. ती मागणी निर्मळ वातावरणातली नव्हती. पुराणे आपोआप गेली नव्हती, ती नाहीशी केली गेली होती. हे विसरून स्टीफन्सचे गुणगान करणे मला मान्य नाही. पण मी ज्याला भेसळ म्हणत होतो ती माझ्या टीचरची, माझ्या आजीची बोली होती, हे तेव्हा कळले. तो निबंध मी फाडला.

१६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदीचे फर्मान काढले. आपल्या काळातील भांडण निराळे. १९९० साली अनुदानासाठी प्रादेशिक भाषेच्या माध्यमाची अट आली आणि चर्चच्या अनेक प्राथमिक शाळा कोकणीकडे वळल्या. २०११ साली इंग्रजी माध्यमालाही अनुदानाचे दार उघडले. या वादात मी दोन्ही बाजूंची भाषणे ऐकली. शाळेत कोकणी देवनागरीत शिकावयाची आणि प्रार्थनेचे पुस्तक रोमी लिपीत वाचावयाचे, अशा मुलाची अडचण मात्र त्यांत क्वचितच आली. त्या मुलाच्या दृष्टीने आपण कोणीच विचार केला नाही, मराठीवाल्यांनी तर नाहीच.

गुरुजींची ती प्रत त्यांच्या कुटुंबीयांनी माझ्याकडे दिली होती. समासात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. आज ती मी शाळेच्या ग्रंथालयाला सुपूर्द करीत आहे. एकच विनंती आहे, ती कुलूपबंद कपाटात ठेवू नये. पाने सुटली तरी चालतील.