तळ उठल्यानंतर



मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करते, पण आज बोलणार आहे वारीतल्या मुक्कामाबद्दल. माउलींच्या पालखीसोबत मी दोनदा आळंदीहून पंढरपूरला चालत गेले. साधारण २५० किलोमीटरची वाट. सासवड, लोणंद, फलटण, वाखरी असे मुक्काम. दिंडीचा ट्रक पुढे जातो, राहुट्या उभ्या राहतात आणि मोकळ्या रानात एका रात्रीचं गाव वसतं.

या गावाची शिस्त बघण्यासारखी. समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी चोप उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. सापडलेल्या वस्तू पुकारून ज्याच्या त्याला दिल्या जातात. मग सकाळी त्याच तळावर बाटल्या आणि द्रोणांचा खच का? कारण टाळ आपले, पालखी आपली. रान मात्र दुसऱ्याचं. आपण पुढे निघतो, शेतकऱ्याला तिथेच पेरणी करायची असते.

याची झळ बायकांना आधी लागते. आडोसा नाही म्हणून अंधारात उठायचं, दिवसभर पाणी बेतानं प्यायचं. ‘निर्मल वारी’ उपक्रमातून मुक्कामांवर फिरती शौचालयं आली, तशा आमच्या राहुटीतल्या मावश्या निर्धास्तपणे पाणी पिऊ लागल्या. पंढरपुरात उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर चंद्रभागेच्या वाळवंटातल्या राहुट्या हटल्या आणि नदीपलीकडे ६५ एकरांत तळ वसला. त्या खटल्याच्या मुळाशी हातानं मैला उचलावा लागणाऱ्या माणसांचा प्रश्न होता. आपण टाकलेलं कुणाचे तरी हात उचलतात, हे विसरायचं नाही.

आमच्या दिंडीत दुसऱ्या वर्षी एकच नियम केला: ज्याचं ताट त्यानं आणायचं, खरकटं एकाच खड्ड्यात टाकायचं. माश्या कमी झाल्या, रात्री कुत्री फिरकेनात, झोप शांत लागली. आमच्या कामातही हाच अनुभव येतो. योग्य ते करणं सोपं केलं की उपदेश कमी लागतो.

आपल्या यवतमाळकडे तर पळसाच्या पत्रावळीवर जेवूनच आपण मोठे झालो. ती खड्ड्यात टाकली की खत होते. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, पण प्लास्टिकचा थर दिलेली चकचकीत पत्रावळ अजून लग्नाच्या पंगतीत दिसतेच.

पुढच्या मेळाव्याला शाळेच्या मैदानावर तंबू टाकून दोन रात्री राहू, अशी सूचना आली आहे. जरूर राहू. येताना प्रत्येकानं आपलं ताट, पेला आणि पाण्याची बाटली आणावी. निघण्याआधी सगळ्यांनी मिळून मैदानावरून एक फेरी मारू. सोमवारी सकाळी मुलांची प्रार्थना तिथेच भरते.