पायांच्या शिरांचे जुनाट दुखणे आणि शस्त्राविना उपचार

(वाचनालयाच्या शतसांवत्सरिक व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



मराठीत ‘शीर’ हा शब्द मोठा उदार आहे. कंबरेतून पायात उतरणारी कळ असो, मानेत भरलेली उसण असो, की पोटरीवर उठून दिसणारी निळी वेटोळी असोत, सर्वांना शीर हेच नाव. सीमाभागाच्या बोलीत कानडीतील ‘नर’ या शब्दाचीही तीच गत आहे. त्यामुळे रक्तवाहिनीचा रोगी मज्जातंतूवरचे औषध घेत बसतो, आणि पाय चोळून शीर ‘बसवून’ देणाऱ्याकडे हेलपाटे घालतो. जुन्या शालेय पुस्तकांनी हृदयाकडून रक्त नेणारीस रोहिणी आणि हृदयाकडे परत आणणारीस नीला अशी दोन सुरेख नावे दिली होती. ती व्यवहारात रुजली असती, तर पुष्कळ घोटाळा टळला असता. येथे विषय आहे तो पायांतील नीलांच्या दुखण्याचा. इंग्रजीत ज्याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात त्याचा, आणि ते वर्षानुवर्षे अंगावर काढल्यावर जे होते त्याचा.

घोट्यापासून हृदयापर्यंतची चढण सुमारे सव्वा मीटरची. माणूस निश्चल उभा राहिला की घोट्याजवळच्या नीलेत पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर इतका दाब साठतो. चालू लागताच पोटरीचे स्नायू आखडून आतल्या नीला पिळतात, रक्त वर सरकते आणि दाब ३० च्याही खाली उतरतो. वर गेलेले रक्त पुन्हा घसरू नये म्हणून नीलांत ठिकठिकाणी झडपा असतात. पादुआ येथील फाब्रिसियसने १६०३ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पण त्या कशासाठी आहेत हे उलगडले ते त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने, १६२८ च्या ग्रंथात. पोटरी हे शरीराचे दुसरे हृदय आहे असे म्हणतात, ते या अर्थाने.

या झडपा निकामी झाल्या, की माणूस चालला तरी घोट्याचा दाब उतरत नाही. प्रथम संध्याकाळी पाय जड होतात, घोटे सुजतात, रात्री पोटरीत गोळे येतात. पुढे केशवाहिन्यांतून रक्तकण बाहेर झिरपतात, त्यांतील लोह कातडीत साठून आतल्या घोट्याच्या वर तपकिरी काळसर डाग पडतो, इसब होतो, कातडी चामड्यासारखी घट्ट बनते. अखेरीस एखाद्या क्षुल्लक खरचटण्याचे निमित्त होते आणि तेथे व्रण पडतो. तो महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे भरत नाही. स्रावाने धोतर किंवा लुगडे भिजते, वास येतो. असा माणूस लग्नकार्याला जाईनासा होतो, कामावरून कमी केला जातो, आणि घरात एका कोपऱ्यात पाय लोंबकळत ठेवून बसतो. पाय लोंबता ठेवणे हे तर या रोगाला खतपाणीच.

वय, स्थूलपणा, वारंवारची बाळंतपणे आणि घराण्यातला वारसा ही कारणे सर्वत्र सारखीच. बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात त्यात भर पडते ती उभ्याने करावयाच्या कामांची. वडगाव-खासबागचा विणकर पूर्वी खड्ड्यात पाय सोडून हातमागावर बसे आणि पायांनी सतत मागाच्या पट्ट्या दाबी. नकळत त्याची पोटरी चालत राही. यंत्रमाग आले तसा तो मागांमध्ये तासन्‌तास उभा राहू लागला. उद्यमबागेतील कारखान्यांचे कामगार, बाजारपेठेतील कापडदुकानांचे नोकर, भट्टीपुढचे आचारी, शाळामास्तर आणि वाचनालयाच्या टेबलामागे पुस्तके देणारा कर्मचारी हे सर्व याच पंगतीतले. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतील स्त्रियांच्या श्रमावर आणि त्यांच्या संघटनेवर ‘युगांतर’ या गटाने १९८२ साली ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा अनुबोधपट केला. त्या श्रमाचा छातीवर आणि डोळ्यांवर होणारा परिणाम चटकन ध्यानात येतो. पायांची हकीकत मात्र लुगड्याखाली झाकलेली राहते.

उपचाराचा विचार करताना एक गोष्ट प्रथम मान्य करावी लागते. व्रण कातडीवर दिसत असला तरी त्याचे मूळ नीलेतल्या दाबात आहे. म्हणून मलमे बदलून तो भरत नाही. उलट या व्रणाभोवतीची कातडी इतकी हळवी झालेली असते, की निओमायसिनसारख्या नेहमीच्या मलमानेही तिच्यावर नवा इसब उठतो. मधाचे गुण आपल्याकडे परंपरेने मानले आहेत; पण दाबाच्या पट्टीखाली मधाची घडी ठेवून न्यूझीलंडमध्ये जी चाचणी झाली आणि २००८ साली प्रसिद्ध झाली, तीत साध्या घडीपेक्षा लक्षणीय अधिक लाभ आढळला नाही. जळवांनी साचलेले रक्त काही काळ ओसरते, झडप मात्र दुरुस्त होत नाही. डायॉस्मिनसारख्या गोळ्यांनी जडपणा आणि सूज थोडी कमी होते, आणि पेंटॉक्सिफायलीन व्रण भरण्यास साह्य करते. तरी ही सारी साथीदार मंडळी. मुख्य उपचार आहे तो पाय बाहेरून बांधण्याचा.

हा उपचार नवा मुळीच नाही. सुश्रुताने बंधांचे जे चौदा प्रकार सांगितले, त्यांत हातापायांसाठी ‘अनुवेल्लित’ हा गुंडाळत नेण्याचा बंध आहे. शिरांच्या गाठींचे ‘सिराज ग्रंथी’ म्हणून त्याने केलेले वर्णनही प्रसिद्ध आहे. हॅम्बुर्गच्या पाउल उना याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जस्ताची खळ लावलेल्या पट्टीचा ‘बूट’ रूढ केला, तो अजून वापरात आहे. सर्वांत बोलकी कथा आहे ती कॉनराड जोब्स्ट या अमेरिकन अभियंत्याची. तो स्वतः या व्याधीने गांजलेला होता. तरणतलावात उभे राहिले की पाय हलके होतात, हे त्याने अनुभवले. पाण्याचा दाब तळाशी सर्वाधिक आणि वर कमी कमी होत जातो. एक मीटर खोलीवर तो पाऱ्याच्या सुमारे ७३ मिलिमीटर भरतो. म्हणजे नीलेतील दाब जेथे जितका अधिक, तेथे बाहेरून आधारही तितकाच अधिक. हेच तत्त्व कापडात विणून त्याने १९५० च्या सुमारास घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारे मोजे तयार केले.

तत्त्व सोपे असले, तरी बांधण्यात चुका फार होतात. पट्टी सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, सूज उतरलेली असताना बांधावी. सुरुवात बोटांच्या मुळाशी करावी, टाच झाकावी, आणि घोट्याशी पक्की व वर क्रमाने हलकी करीत गुडघ्याच्या खाली संपवावी. केवळ पोटरीवर चार वेढे दिले, तर खालचे पाऊल फुगते. टाच उघडी ठेवली तर तेथे सुजेचा गोळा होतो. नेहमीची ताणणारी क्रेप पट्टी रात्री निजताना सोडावी. मोज्यांचा ताण चार-सहा महिन्यांत जातो. त्यानंतर ते पायात असतात एवढेच. मोजे महाग पडतात हे खरे, आणि निपाणीच्या एप्रिलमध्ये ते नकोसे होतात हेही खरे. अशा वेळी कडक मोजा पेटीत ठेवण्यापेक्षा थोडा सौम्य मोजा रोज घालणे पदरात अधिक पाडते.

पट्टीला चालण्याची जोड हवी. बांधलेल्या पायाने चालताना पोटरी फुगून पट्टीवर आदळते आणि पंपाला दुप्पट जोर येतो. ज्याला उभ्याने काम करणे भाग आहे त्याने जागच्या जागी टाचा उचलाव्यात. बसता येईल तेव्हा पाय हृदयाच्या पातळीहून उंच ठेवावेत. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय असावी, असे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमात लिहिले होते. ती तरतूद किती कारखान्यांत बाकापर्यंत पोहोचली, हे ज्याने त्याने आपल्या गावात आठवून पाहावे. दुकानांतील नोकरांना बसण्याचा हक्क देणारी दुरुस्ती केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली केली.

आता या भागाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची गोष्ट. निपाणीचा मुलूख तंबाखूचा आहे, आणि तंबाखूचा वैरभाव नीलेपेक्षा रोहिणीशी अधिक आहे. विडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांच्या हातापायांच्या रोहिण्या बंद पाडणारा जो रोग लिओ बर्गर याने १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये वर्णिला, तो हिंदुस्थानातील डॉक्टरांना चांगलाच परिचित आहे. वयस्कांत आणि मधुमेह्यांत रोहिण्या अरुंद होणे तर नित्याचेच. ज्या पायाला रक्तच अपुरे पोहोचते, त्यावर घट्ट पट्टी बांधली, तर उरलेसुरले रक्तही तुटते आणि पाय सडू शकतो. एकाचे अमृत ते दुसऱ्याचे विष ठरते.

दोन्ही दुखण्यांचा स्वभाव उलटा आहे. नीलेचा पाय उंच केला की बरा वाटतो. रोहिणीचा उंच केला की पांढरा पडून ठणकतो, आणि रोगी रात्री तो खाटेखाली लोंबकळत सोडतो. नीलेचा व्रण आतल्या घोट्याच्या वर, ओला, तपकिरी कातडीने वेढलेला. रोहिणीचा बहुधा बोटांच्या टोकांशी, कोरडा व काळा. नीलेचा रोगी चालला की सुखावतो. रोहिणीच्या रोग्याच्या पोटरीत चालताना कळ येते आणि थांबताच जाते. दुर्दैवाने एकाच पायात दोन्ही असू शकतात. म्हणून पट्टी बांधण्याआधी पावलाच्या पाठीवर आणि आतल्या घोट्यामागे नाडी लागते काय, हे पाहिलेच पाहिजे. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागले असता उत्तर एकच्या आसपास यावे. ते ०.८ च्या खाली असेल, तर तज्ज्ञाच्या सल्ल्याविना पूर्ण दाबाची पट्टी बांधू नये. मधुमेहात हा आकडा फसवा मोठा येऊ शकतो. या तपासणीला दहा-पंधरा मिनिटे लागतात. दुकानातून परस्पर मोजे विकत आणणाऱ्या विडीबहाद्दराला ती सुचवण्याचे काम घरच्या शिकलेल्या मुलीने केले तरी पुरे.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर खोल नीलेत गुठळी झाल्याचा संशय घ्यावा. तो पाय चोळू नये, तडक रुग्णालय गाठावे. या भागातील रुग्ण पूर्वी मिरजेला, १८९४ साली सुरू झालेल्या वॉनलेस रुग्णालयात जात. १९६३ साली बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय निघाल्यापासून ती सोय गावातच झाली.

शस्त्राविना म्हणून अलीकडे जे उपचार गाजतात, त्यांबद्दल थोडेसे. औषधाचा फेस नीलेत टोचून ती बंद करण्याची सोपी रीत इटलीच्या तेस्सारीने २००० च्या सुमारास रूढ केली. लेसरच्या किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने नीला आतून मिटवणे, डिंकासारख्या द्रव्याने चिकटवणे हेही त्याच काळापासून पुढे आले. यांना चिरफाड लागत नाही, पण डॉप्लर तपासणी करून झडप कोठे गळते हे ठरवल्याशिवाय ते करणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय. त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा उपचार लगेच केलेल्यांचे व्रण भरण्यास मध्यमानाने ५६ दिवस लागले, तो लांबवलेल्यांचे ८२. मात्र दोन्ही गटांच्या पायांना पट्टी होतीच, ही गोष्ट जाहिरातीत सहसा छापली जात नाही. त्याआधी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत पट्टी घेतलेल्यांचे आणि पट्टीसोबत शस्त्रक्रिया झालेल्यांचे व्रण सारख्याच गतीने भरले. फरक पडला तो नंतर. वर्षभरात व्रण पुन्हा उमटण्याचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा २८ आणि दुसऱ्यात १२ होते. व्रण भरल्यावर मोजे फेकून देणाऱ्याला हे आकडे दाखवावेत.

राहिला प्रसंग रक्तस्रावाचा. फुगलेली नीला कधी स्नानाच्या वेळी, कधी नख लागून फुटते आणि रक्ताची चिळकांडी उडते. घाबरून माणूस खुर्चीत बसतो, कोणी मांडीवर करकचून फडके बांधतो. त्याने नीलेची वाट वरून बंद होऊन रक्त अधिकच वाहते. अशा रोग्याला ताबडतोब जमिनीवर आडवे निजवावे, पाय भिंतीला टेकवून हृदयाच्या वर धरावा, आणि स्वच्छ कापडाची घडी फुटल्या जागेवर नेमकी दाबून दहा मिनिटे हलवू नये. बहुतेक वेळा रक्त थांबते. मग वरून पट्टी बांधून पाय उंच ठेवूनच डॉक्टरकडे न्यावे.