शिडाची छोटी नाव आणि तिचा रेडिओ



वसंत व्याख्यानमालेत आमच्यासारख्या विडी कामगारांच्या कार्यकर्त्याने बोनस किंवा भविष्यनिर्वाह निधीवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. तो विषय बाराही महिने आमच्या तोंडी असतोच. आज मात्र मुलांच्या एका छंदाविषयी बोलावयाचे आम्ही ठरविले आहे.

आपला भंडारा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी हे तलाव बांधले, ढिवर बांधवांनी त्यांत मासे आणि शिंगाडे पिकविले. पण कामगारांच्या पोरांना या पाण्याचा खेळ काय? म्हशी धुणे. म्हणून आमच्या मोहल्ल्यातील काही मुलांनी शिडाची हातभर लांब नाव बनविली आणि ती काठावरून रेडिओने चालवावयाची ठरविली, तेव्हा आम्ही आनंदाने त्यांत पडलो. आमचे शिक्षण शाळेत सातवीपर्यंतचे. पुढचे सारे पुस्तकांतून आणि चुकांतून झाले. हेही तसेच.

ही कल्पना नवी नाही. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तारेवाचून चालणारी छोटी नाव लोकांना दाखविली होती. आज आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेतील मुले जहाजांच्या प्रतिकृती बनवितात व त्यांच्या स्पर्धाही होतात.

नवशिक्याने घ्यावे काय? शिडाच्या नावेला हलवावयाच्या गोष्टी दोनच : सुकाणू आणि शीड. म्हणून दोन चॅनेलांचा संच पुरतो. दुकानदार सहा किंवा दहा चॅनेलांचा दाखवील; तो विमानवाल्यांसाठी ठेवा. संचात हातात धरावयाचा ट्रान्समीटर, नावेत बसणारा रिसीव्हर आणि दोन सर्व्हो म्हणजे दांडी फिरविणाऱ्या लहान मोटारी लागतात. ट्रान्समीटर व रिसीव्हर एकाच कंपनीचे, एकमेकांशी जुळणारे घ्यावेत. एकाची भाषा दुसऱ्यास कळेलच असे नाही. आमच्या संघटनेतही हाच अनुभव आहे.

पूर्वी २७ मेगाहर्ट्झचे संच असत. दोघांचे स्फटिक सारखे निघाले की एकाची नाव दुसऱ्याच्या हुकमाने वळे. आताचे २.४ गिगाहर्ट्झचे संच आपापली जोडी ओळखतात. या पट्ट्यातील कमी शक्तीच्या यंत्रांना भारतात २००५ सालापासून परवान्याची अट नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. या लहरी पाण्यात शोषल्या जातात, म्हणून रिसीव्हरच्या एरियलचे उघडे टोक पाण्याच्या पातळीच्या जेवढे वर नेता येईल तेवढे न्यावे. रिसीव्हर फुग्यात घालून तोंड घट्ट बांधावे; हा जुना आणि स्वस्त उपाय आहे.

सुकाणूला साधा सर्व्हो चालतो. शिडाला मात्र काटकसर नको, कारण वाऱ्याची सारी ओढ त्याच्यावर येते. तो दोर ओढून शीड आत घेतो. सोडताना शीड बाहेर नेण्याचे काम वाराच करतो. पतंगाला ढील देणाऱ्यास हे सांगावयास नको. डाव्या हाताची, सोडली तरी जागेवर राहणारी दांडी शिडाला द्यावी; आपल्याकडे ओढली की शीड आत आले पाहिजे. उजव्या हाताची, आपोआप मध्ये येणारी दांडी सुकाणूला.

जोडताना आधी वीज देऊन सर्व्हो मध्यावर आणावा, मग त्यावर दांडी बसवावी. नावेच्या मागे उभे राहून दांडी उजवीकडे न्यावी. सुकाणूची मागची कड उजवीकडे गेली पाहिजे. उलटे होत असेल तर दोर सोडत बसू नका, ट्रान्समीटरवर दिशा पालटण्याची कळ असते. चालू करताना आधी हातातले यंत्र, मग नाव. बंद करताना आधी नाव. आणि पाण्यात सोडण्यापूर्वी एकाने नाव धरावी, दुसऱ्याने काठाने दूर चालत जाऊन दोन्ही दांड्या हलवून पाहाव्यात.

आता आमची चूक सांगतो. पहिल्या दिवशी नवे सेल आणावयाचे होते. आम्ही म्हणालो, टॉर्चमधले घाला, चालतील. थोडा वेळ चालले. तलावाच्या मध्यावर नाव हुकूम ऐकेनाशी झाली आणि शिंगाड्याच्या वेलांकडे वाहत निघाली. लहर तुटली तर शीड सैल सोडण्याची सोय काही संचांत असते, पण नावेतले सेलच मेले तर ती सोय काय करणार? तेवढ्यात एका बारा वर्षांच्या पोराने सदरा काढला आणि तो कमरेइतक्या पाण्यात उतरलाही. खाली गाळ, पुढे वेल. आम्ही ओरडलो, तो थांबला. एका ढिवर काकांनी डोंगा घालून नाव आणून दिली. ती आमच्या हाती देत म्हणाले, “दोन सेलांपायी पोरगा देता का भाऊ पाण्याले?” आम्हांला उत्तर देता आले नाही.

तेव्हापासून आमचा क्रम असा : आदल्या रात्री सेल भरून ठेवायचे, जादा चार खिशात, आणि नाव अडकली तर कोणीही पाण्यात उतरायचे नाही. ती वाऱ्याने काठाला लागेल, नाहीतर राहील. शिवाय तलाव मच्छीमार संस्थेकडे असेल तर आधी त्यांना विचारावयाचे. जाळी टाकलेली असतात, शिंगाडा लावलेला असतो, ती त्यांची रोजी आहे.

नाव बाहेर टेबलावर ठेवली आहे. सेल कालच भरले आहेत. ज्यांना दांडी हलवून पाहावयाची असेल त्यांनी यावे. मुलांना पुढे येऊ द्यावे.