हेलसिंकीच्या जुन्या मंडईंत

श्रोतेहो, परक्या देशांत प्रवासी आधीं राजवाडे पाहतो. माझें म्हणणें असें कीं, आधीं मंडई पाहावी, आणि तीही चाखत चाखत.

फिनलंडची राजधानी हेलसिंकी. तेथें बंदराच्या कांठीं १८८९ सालीं उघडलेली विटांची जुनी मंडई आहे. उघड्या चौकांत विकलें जाणारें अन्न छपराखालीं, स्वच्छतेच्या देखरेखींत यावें, हा तिचा मूळ हेतु. लांकडी गाळ्यांमधल्या अरुंद वाटेनें वाटाड्या आपणांस हिंडवितो आणि एकेक घांस हातावर ठेवतो.

प्रथम येतें 'लेइपॅयूस्तो', म्हणजे भाजलेलें चीज. तें दांतांखालीं करकरतें. पूर्वीं तें व्यालेल्या गाईच्या चिकाचें करीत, हें ऐकून मला आपला खरवस आठवला.

मग येतो 'कार्यलनपीराक्का'. राय नांवाच्या धान्याची पातळ पारी, आंत दूधभात. कडा करंजीसारख्या चिमटलेल्या, तोंड मात्र उघडें. वर लोण्यांत कालविलेलें उकडलेलें अंडें. सारण पूर्वीं जवाचें असे. तांदूळ परदेशांतून आला.

हा कारेलिया प्रांताचा पदार्थ. १९४० मध्यें आणि पुन्हां १९४४ मध्यें युद्धामुळें त्या प्रांताचा बराच भाग सोव्हिएत संघाकडे गेला. चार लाखांहून अधिक माणसें घरें सोडून फिनलंडभर विखुरलीं. शेतें, चुली, पूर्वजांचीं थडगीं मागें राहिलीं. हाताचें वळण तेवढें बरोबर आलें. आज हा पदार्थ साऱ्या देशांत मिळतो.

तेव्हां तेथें गेलांत, तर एक घ्या. आणि विकणारणीला तिच्या आजीचें गांव कोठलें, तें अवश्य विचारा.