मुलांचा वकील



मी बँकेतला कारकून. लहान मुलाचे खाते पालकाच्या सहीने चालते. पण पालकच नसतील किंवा आरोपच पालकावर असेल, तर कोर्टात त्या मुलाच्या वतीने बोलणार कोण?

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक बालकाला मोफत वकिलाचा हक्क आहे. यवतमाळला त्यासाठी जिल्हा प्राधिकरण आहे. मुलाला साक्षीसाठी वारंवार बोलावू नये, असे २०१२ चा पोक्सो कायदा सांगतो. पण हे वेळीच कोर्टाच्या नजरेस आणणारा जाणकार वकील हवा. याच कायद्यात विशेष सरकारी वकिलाला सात वर्षांच्या वकिलीची अट आहे, बालहक्काच्या वेगळ्या शिक्षणाची नाही. अमेरिकेत परीक्षा घेऊन वकिलांना बालकल्याण कायद्याचे तज्ज्ञ म्हणून प्रमाणपत्र देतात. आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने बालहक्क कायद्याची पदव्युत्तर पदविका सुरू केलेली आहे.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी जे वकील होतील त्यांनी सनदेवर थांबू नये, हेही शिक्षण घ्यावे. घाबरलेल्या पोराला बोलते कसे करावे, हे नुसत्या वर्षांनी येत नाही. ज्याची सही चालत नाही, त्याचे म्हणणे तरी कोर्टात पोहोचले पाहिजे.