टिबुकली : आपल्या तलावातील पाणडुबी



कोंढा परिसरातच नव्हे, तर सबंध भंडारा जिल्ह्यात तलाव आणि बोड्या पुष्कळ आहेत. धानाचे ओलीत आणि मासेमारी, दोन्ही याच पाण्यावर चालतात. या पाण्यात कबुतरापेक्षा लहान, तपकिरी, शेपूट नसल्यासारखा दिसणारा एक पक्षी आपण पाहिला असेल. चाहूल लागताच तो बुडी मारतो आणि दूरवर वर येतो. पुस्तकात त्याचे नाव टिबुकली. पाणडुबी, डुबकी ही नावेही त्याचीच. ते बदकाचे पिल्लू नव्हे. बदकाच्या पायाची बोटे पडद्याने जोडलेली असतात, टिबुकलीच्या प्रत्येक बोटाला स्वतंत्र झालर असते.

नावाची गल्लत झाली की दोष भलत्याच पक्ष्यावर येतो. पाणकावळाही बुडी मारतो, पण तो काळा, आकाराने मोठा आणि पंख पसरून वाळवत बसणारा. त्याचे मुख्य अन्न मासे. टिबुकली पाणकिडे, त्यांच्या अळ्या, झिंगे आणि लहान मासे खाते. काही पाणकिडे मत्स्यजिऱ्यांचा फडशा पाडतात, तेव्हा ते खाणारी टिबुकली आपल्या उपयोगाचीच आहे. लहान मत्स्यबीज तीही टिपते, हे खरे. म्हणून तलावात जिरे न सोडता 8 ते 10 सेंटिमीटरची बोटुकली सोडावी. कटला, रोहूची एवढी बोटुकली गिळणे तिला जड जाते.

पावसाळ्यात ती पाणवनस्पतींचे तरंगते घरटे बांधते. अंडी साधारणपणे 3 ते 5 असतात. घरटे सोडताना ती अंड्यांवर ओले गवत ओढते, त्यामुळे आपल्याला तो नुसता कचरा वाटतो आणि साफसफाईत घरटे नष्ट होते.

यासाठी पुढील काळजी घ्यावी :

1. बेशरम व जलपर्णी उन्हाळ्यात, पाणी कमी असताना काढावी. पावसाळ्यात तलावाच्या एका कोपऱ्यातील पाणवनस्पती राखून ठेवावी.

2. फवारणी पंप तलावात किंवा बोडीत धुऊ नये. त्या विषाने पाणकिडे व मासे दोन्ही मरतात.

3. जाळी वेळोवेळी तपासावी आणि अडकलेला पक्षी लगेच सोडवावा.

4. अंडी काढू नयेत, शिकार करू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तो गुन्हा आहे.

बंधूंनो, पक्षी आधी नीट ओळखा, मगच त्याला चोर ठरवा.